पारूबाईच्या माळावर दोन पाहुणे

लग्न होऊन मी साताऱ्यात आले त्याला आता तीसेक वर्षं झाली असतील. नवऱ्याच्या लष्करातल्या नोकरीमुळे देशाची चारी टोकं पाहून झाली, पण घरापासून चार तासांवरचं कवठे महांकाळ कधी पाहिलं नव्हतं. तिकडे जायचं कारणच पडलं नाही. आमच्या गल्लीत कुणाला विचारलं तरी "माळ आन ऊन, दुसरं काय हाय तितं?" एवढंच ऐकायला मिळायचं. यंदा फेब्रुवारीच्या शेवटी मी तिकडे जाऊन आले. गेले तीही दोन परमुलखातली माणसं सोबत घेऊन.

त्यातल्या एकाला मी मास्तर म्हणणार आहे. ईशान्येकडच्या एका डोंगरी जिल्ह्यात नवऱ्याची बदली झाली तेव्हा मी तिथल्या शाळेत शिकवत होते, आणि ते माझे मुख्याध्यापक होते. दुसऱ्या पाहुण्या एक बाई. त्यांना मी मावशी म्हणते, कारण आमच्या गाडीचा ड्रायव्हर अशोक त्यांना पहिल्याच दिवशी मावशी म्हणू लागला. नावं लिहायची नाहीत, राज्याचंही नाही, असं दोघांनी मला बजावलं आहे. त्यांना माघारी जाऊन तिथंच राहायचं आहे.

मास्तर डोंगरातले आणि मावशी खोऱ्यातल्या. त्यांच्या दोन जमाती शेकडो वर्षं एकाच पाण्यावर राहिल्या, एकाच बाजारात उभ्या राहिल्या. मग एके वर्षी बंदुका निघाल्या. का निघाल्या, याची दोघांची उत्तरं वेगळी आहेत आणि मी न्यायाधीश नाही. आता गोळीबार थांबला आहे. पण पुलाच्या त्या बाजूचा माणूस या बाजूला येत नाही आणि मधला बाजार ओस पडला आहे.

त्या बाजारात सोनं-चांदी गाळायचं एक दुकान होतं. ते सांगली जिल्ह्यातल्या एका माणसाचं होतं, हे ऐकून मला नवल वाटलं नाही. या दुष्काळी भागातली माणसं गलाईच्या धंद्यापायी भारतभर पांगलेली आहेत. कुठल्याही गावात सराफ कट्ट्यामागच्या बोळात, भट्टीपाशी बसलेला माणूस विचारावा तर तो विट्याचा, आटपाडीचा नाहीतर कवठ्याचा निघतो. या दुकानदाराचं नाव मारुती. तिथले लोक त्यांना सेठ म्हणत. ते दोन्ही भाषा बोलत आणि दोन्हीकडच्या लग्नांना जात.

दंगलीत दुकान जळालं आणि मारुतीअण्णा गावी परतले. आता बाजार पुन्हा सुरू करायचा घाट घातला आहे, पण दोन्हीकडची माणसं निर्धास्त बसतील असा एकच ओटा तिथं होता, सेठचा. म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक माणूस निवडून त्यांना बोलवायला पाठवला होता.

दोघं निघाली एकाच जिल्ह्यातून, पण साताऱ्याला वेगवेगळ्या दिवशी पोचली. माझ्या घरी जेवायला एकाच टेबलाशी बसली, तरी "भात द्या" हेसुद्धा माझ्यामार्फत. मावशींचं त्या बाजारात कापडाचं दुकान होतं आणि मास्तरांची भाषा त्यांना मातृभाषेसारखी येते, हे मला ठाऊक होतं. तरी त्या हिंदीच बोलत होत्या, आणि तीही माझ्याकडे बघून.

कडेगावच्या वाटेवर

गाडीत मास्तर पुढे बसले, आम्ही दोघी मागे. उंब्रजच्या अलीकडेच अशोकने काचा खाली केल्या. थोड्या वेळाने त्याने गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

"म्याडम, उंदीर मेलाय वाटतं इंजिनात."

उंदीर कसला! मावशींच्या पिशवीत त्यांच्याकडच्या आंबवलेल्या मासळीचं पुडकं होतं, सेठसाठी आणलेलं. सेठला ती फार आवडायची म्हणे. मास्तर मान फिरवून हसले. डोंगरातही तीच मासळी खातात. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पुडकं आणखी एका पिशवीत गुंडाळून पायाशी ठेवलं.

कराड सोडल्यावर कडेगावपर्यंत ऊसच ऊस. तोड चालू होती. बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्ताभर पसरलेल्या. विटा मागे पडलं आणि मुलूख बदलला. झाडं बुटकी झाली, क्षितिज लांब गेलं. तासगावच्या पुढे मात्र मी फसले. माळ आणि ऊन एवढंच असेल अशी माझी समजूत होती, आणि समोर द्राक्षांच्या बागा, बेदाण्याच्या जाळीदार शेड. कालव्याचं पाणी आलं तिथं हिरवं, नाही आलं तिथं करपलेलं. दोन्हींच्या मधे नुसता एक बांध.

मास्तर बराच वेळ त्या बांधाकडे बघत होते. "इथं कधी भांडणं होतात का पाण्यावरून?" त्यांनी माझ्यामार्फत अशोकला विचारलं.

"व्हत्यात की! डोकी फुटत्यात."

"आणि मग?"

अशोकने विचार केला. "मग जत्रंला एका पंगतीत बसत्यात. दुसरं करत्याल काय? रान उचलून कुठं न्हेता येतंय व्हय!"



मारुतीअण्णांच्या घरी

कवठे महांकाळच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या अंगाला अण्णांचं गाव. बाहेरगावच्या कमाईवर बांधलेलं दुमजली घर. अण्णा दारातच उभे होते. साठीचा, सडपातळ, भट्टीच्या धगीने भुवया विरळ झालेला माणूस. त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले आणि त्यांच्या भाषेत काही म्हणाले. मग मावशींकडे वळून त्यांच्या भाषेत बोलले. मावशींचे डोळे भरून आले. या घरात त्या दोघांच्या भाषा एकाच तोंडातून निघत होत्या.

जेवायला मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी आणि खर्डा. मिरची आपल्याकडे जास्त तिखट की त्यांच्याकडे, यावर पाहुण्यांनी मला खर्डा खाऊन दाखवला. मी हरले. जेवणं झाल्यावर मास्तर कामाचं बोलले. बाजाराची समिती झाली आहे, दुकान बांधून देऊ, दोन्हीकडून तुमच्या जिवाची हमी.

अण्णा ऐकत राहिले. मग मराठीत, माझ्याकडे बघून म्हणाले, "म्याडम, यांस्नी सांगा, मला इचारून काय उपेग? ज्याचं लेकरू गेलंय त्याला इचारा."

तेव्हा मला पूर्ण हकिगत कळली. अण्णांच्या हाताखाली त्यांचा पुतण्या होता, संतोष. पंचविशीतला. दंगल उसळली त्या दिवशी अण्णा खोऱ्यात कामाला गेले होते आणि दुकानात संतोष एकटा होता. त्याने खोऱ्यातल्या बायकांना मागच्या दाराने काढून पुलापार पोचवलं. त्यात मावशीही होत्या. मग एका डोंगरी कुटुंबाला वरच्या वाटेला लावून दिलं. शेजारच्या माडीवर एक डोंगरी म्हातारा अंथरुणाला खिळून होता. त्याला आणायला संतोष वर गेला तेव्हा बाजार पेटला. दोघंही खाली आले नाहीत.

रस्ते बंद होते. डोंगरातल्या लोकांनीच संतोषला पुरलं. अण्णांना लष्कराने इतर परप्रांतीयांबरोबर बाहेर काढलं आणि ते मोकळ्या हातांनी गावी आले. मोठा भाऊ बिरू आणि भावजय पारूबाई यांना त्यांनी अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. त्या दिवसापासून भाऊ त्यांच्याशी बोलत नाही.

"मी न्हेला व्हता त्याला," अण्णा म्हणाले. "दादा म्हणत हुता, मेंढरं राखू दे. मीच म्हनलं, धंदा शिकंल."

बिरूदादांचं घर मेंढपाळाचं. थोडी शेतीही आहे, पण वर्षाचे बरेच महिने मेंढरं घेऊन रानोरान. सध्या त्यांचा मुक्काम पलीकडच्या गावच्या शिवारात होता. अण्णांनी गच्चीवरून दिशा दाखवली. स्वतः आले नाहीत.

माळावर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. शाळू ज्वारी काढून झालेल्या रानात वाघर लावलेली होती, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळ्यांचं कुंपण. तीन दगडांची चूल, घोंगडी, एक घोडं. या मुक्कामाला ते वाडा म्हणतात. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो, त्याला खत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य. कुत्र्याने मास्तरांची पँट धरली ती बिरूदादांनी हाळी दिल्यावर सोडली.

पारूबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावर मोठं कुंकू. मी कोण, हे कोण, ते सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. बिरूदादा मान खाली घालून लोकर कातरायची कात्री पुसत बसले.

"बसा," पारूबाई म्हणाल्या. घोंगडं अंथरलं. त्यावर मास्तर एका टोकाला आणि मावशी दुसऱ्या टोकाला. मध्ये मी.

मास्तरांनी हिंदीत सुरुवात केली आणि मी मराठीत सांगू लागले. तुमच्या मुलाने आमची माणसं वाचवली, दोन्ही जमाती त्याचं नाव घेतात, बाजारात त्याची आठवण म्हणून...

"ऱ्हाऊ द्या," पारूबाई म्हणाल्या. तव्यावरची भाकरी उलटली. "ताई, त्यांस्नी येवढंच इचारा. आग कुनी लावली?"

मी विचारलं. मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला. मावशी चुलीतल्या जाळाकडे बघत होत्या. दंगल झाल्यापासून प्रत्येक बाजू दुसरीकडे बोट दाखवत आली होती. चौकशीतही तेच झालं होतं. आता ठरलेलं उत्तर यायचं, कळलं नाही, गर्दी होती, अंधार होता. मी ते मराठीत सांगायची तयारी केली.

"आमच्या लोकांनी," मावशी म्हणाल्या.

मास्तरांची मान झटकन वळली.

"माझ्या बहिणीचा मुलगा त्यात होता. घरी आला तेव्हा त्याच्या हातांना रॉकेलचा वास येत होता. त्याचा शर्ट मीच धुतला. दुपारी ज्या मुलाने मला हाताला धरून पुलावर आणलं, तो आत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, मला सोडून तो परत दुकानाकडेच गेला होता. मी कुणालाच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगते."

हे सगळं मला मराठीत सांगायचं होतं. मी बोलू लागले, आणि कळलं की ते "मी" लावूनच म्हणावं लागेल. त्या बाईचे शब्द माझ्या तोंडून पारूबाईंसमोर गेले. माझ्या बहिणीच्या मुलाचा शर्ट मी धुतला. 

पारूबाई उठल्या. तव्यावर भाकरी तशीच होती, ती जळायला लागली. त्या वाघरीत गेल्या, एक लंगडं कोकरू उचललं आणि आमच्याकडे पाठ करून त्याच्या पायातला काटा बघत बसल्या. बराच वेळ. बिरूदादांनी भाकरी काढली, तवा उतरवला.

"जावा आता तुमी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. नुसता दमलेला आवाज.

संध्याकाळी अण्णांच्या ओट्यावर मावशींशेजारी मीच बसले होते. मास्तर गच्चीवर एकटे फेऱ्या मारत होते. त्यांना हवा होता तो कबुलीजबाब मिळाला होता. गुन्हा खोऱ्याचा होता हे आता खोऱ्याच्याच तोंडून निघालं होतं. ते खूश असतील असं मला वाटलं. मी त्यांना ओळखलं नव्हतं.

माघारी

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. संध्याकाळी साताऱ्याहून मास्तरांची गाडी होती. अण्णांनी मासळीचं पुडकं ठेवून घेतलं होतं आणि आम्हाला बेदाणे बांधून दिले होते. येतो असं मात्र ते म्हणाले नाहीत.

कडेगावच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली कलंडली होती. रस्ताभर मोळ्या सांडलेल्या. पुढचं-मागचं सगळं अडकलं. मागून एक रुग्णवाहिका भोंगा वाजवत आली आणि तीही अडकली. तोडणीची माणसं, ट्रकवाले, दुचाकीवाले, सगळे खाली उतरून मोळ्या ओढू लागले. अशोकही गेला. थोड्या वेळात एका गाडीपुरती वाट झाली आणि रुग्णवाहिका निघून गेली.

मास्तर काचेतून बघत होते. अशोक घाम पुसत आत बसला तेव्हा ते म्हणाले, "गाडी वळव."

"रस्ता मोकळा हुतोय की सर."

"मागे वळव. त्या बाईंकडे."

"मास्तर, तुमची ट्रेन चुकेल," मी म्हटलं.

"चुकू दे."

अशोकने विट्याकडे गाडी वळवली. मग मावशी बोलल्या. हिंदीत नव्हे, मास्तरांच्या भाषेत. मला ती थोडी समजते. त्या एवढंच म्हणाल्या, "झाडं?"

"हो," मास्तर म्हणाले.

वाडा कालच्या रानात नव्हता. चुलीचे तीन दगड आणि लेंड्यांचा थर एवढंच होतं. दोन गावं पालथी घातली, चार जणांना विचारलं. उन्हं कलताना एका ओढ्याकाठी मेंढरं दिसली. पारूबाई घोड्यावरून बोचकी उतरवत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी हातातलं बोचकं खाली टाकलं.

"आता काय ऱ्हायलं?"

मास्तर बसले नाहीत. वर्गात उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले आणि हिंदीत सांगू लागले. दंगलीच्या दिवशी पुलाकडून येणाऱ्या रस्त्यावर झाडं पाडून आडवी टाकली होती. खोऱ्यातून गाड्या भरून हल्लेखोर येऊ नयेत म्हणून. आग लावणारे मात्र पायीच आले. ते करायला पोरांना मास्तरांनीच सांगितलं होतं. बाजार पेटल्यावर खोऱ्यातून पाण्याचा बंब निघाला. तो झाडांपाशी येऊन थांबला, एवढं खोऱ्यातही सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी तिथंच होतो. बंबावरचा माणूस हात जोडून ओरडत होता. पोरं माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी झाडं ओढली असती. मला वाटलं, बंबाच्या मागे गाड्या असतील. मी हो म्हटलं नाही."

मी सांगून संपवलं. पारूबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"मागं गाड्या हुत्या व्हय?"

"नव्हत्या."

ओढ्यापलीकडे बिरूदादा मेंढरं पाण्यावर घेऊन उभे होते. त्यांच्यापर्यंत आवाज गेला असावा. ते हलले नाहीत.

"काल का न्हाई बोललास?" पारूबाईंनी मास्तरांना विचारलं. हे मला भाषांतर करून द्यावं लागलं नाही. मास्तरांना ते समजलं. ते खाली बसले, मातीतच, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. पासष्टीचा माणूस. मावशी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्या जवळ गेल्या नाहीत, लांबही सरकल्या नाहीत.

पारूबाईंनी त्यांना रडू दिलं. मग मला म्हणाल्या, "ताई, माजा पोरगा कुठं पुरलाय, इचारा."

डोंगरावर, मास्तरांच्या गावच्या वरच्या अंगाला, असं मास्तरांनी सांगितलं. त्या म्हाताऱ्याच्या शेजारी.

"आमच्यात मातीच देत्यात," पारूबाई म्हणाल्या. "ते ब्येस केलं. मला तितं न्या."

"मी नेतो," मास्तर म्हणाले.

"तू येकटा न्हाई. ही बाय बी."

मी मावशींना सांगितलं तेव्हा त्या घाबरल्या. डोंगरात? मी पुलापर्यंत येईन, पुढे मास्तर नेतील. आमच्यातलं कुणी तिकडे गेलेलं नाही. मास्तरही तेच म्हणाले, समितीला विचारावं लागेल, मी हमी कशी देऊ?

पारूबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं.

"ह्यांस्नी सांगा, मला तुमच्या बाजाराचं काय न्हाई. मारुती जाईल, न्हाईतर न्हाई जाणार, त्येचा त्यो बगंल. पर मला लेकापतूर न्यायचं आसंल तर दोगांनी बी शेवटपतूर याचं. मधीच पुलावर सोडायचं न्हाई. माज्या पोरानं न्हाई सोडलं कुनाला मधी."

मास्तरांनी मावशींकडे पाहिलं. मग त्यांच्या भाषेत, खोऱ्याच्या भाषेत, अडखळत विचारलं, "याल?"

मावशींनी पदराने मान पुसली. मग होकारार्थी मान हलवली.

त्या संध्याकाळी पारूबाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ पेज, आणि भाकरी. बिरूदादा ओढा ओलांडून आले आणि पंगतीला बसले.

त्यानंतरचं मी पाहिलेलं नाही, फोनवर ऐकलं. पावसाळ्याआधी पारूबाई तिकडे गेल्या. तिकिटं अण्णांनी काढली आणि तेही सोबत गेले. बिरूदादा मेंढरांपाशी राहिले. दोघा भावांचं बोलणं अजून सुरू झालेलं नाही, पण पारूबाईंना स्टेशनवर सोडताना दादांनी बोचकं अण्णांच्या हातात दिलं, एवढं अण्णांनी मला दोनदा सांगितलं. पुलावर मावशी उभ्या होत्या. समितीने नको म्हटलं होतं, तरी आल्या. डोंगरातल्या काही घरांची दारं त्यांना पाहून बंद झाली. एका पोराने दगड उचलला, मास्तर त्याच्या आणि मावशींच्या मधे जाऊन उभे राहिले. दुकानाचं अण्णांनी अजून काही ठरवलेलं नाही.

डोंगरावर पोचल्या त्याच संध्याकाळी पारूबाईंचा फोन आला. अण्णांनी लावून दिला होता. वारा जोरात होता, नीट ऐकू येत नव्हतं.

"पोचलाव ताई. दोगं बी हायती हितं, बसल्याती."

"कसं आहे तिथं, पारूबाई?"



"गवात लय हाय वं," त्या म्हणाल्या. "गुडघ्याएवढं. आन चरायला कुनीच न्हाई."